शालूबाईंचा हेवा

नवा सर्किट बोर्ड पुढ्यात आला की शालूबाई मेश्राम आधी त्याच्यावर तोंडाची वाफ सोडायच्या. चष्म्याची काच पुसायच्या आधी आपण हाऽ करतो, अगदी तशी. बोर्डाला वीज जोडलेली असायची, ऑसिलोस्कोपच्या हिरवट पडद्यावर रेघ सरळ चाललेली असायची, आणि ह्या बाई खाली वाकून बोर्डावर वाफ सोडायच्या. मग मान वर करून रेघेकडं बघत राहायच्या. रेघ जागच्या जागी राहिली तर बोर्ड बरा. खाली घसरली, तर तो कोणी बनवलाय आणि साहेबांनी त्याचं किती कौतुक केलंय, ह्याच्याशी त्यांना काही घेणं नसायचं.

माझ्या बोर्डावर त्यांनी वाफ सोडली ती आमच्या पहिल्याच भेटीत. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, तेव्हाची गोष्ट. जमिनीखाली किरणोत्सारी खनिजं आहेत का, ह्याचा शोध घेणाऱ्या एका सरकारी पथकात मी लागलो होतो. पथकाचं ऑफिस आणि वर्कशॉप चंद्रपुरात, काम मात्र जंगलात. मुंबईचं प्रशिक्षण संपवून मी रुजू झालो, आणि येताना स्वतः डिझाइन केलेला एक प्रीअँप्लिफायर रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवून घेऊन आलो.

प्रीअँप म्हणजे काय, हे इथं सांगायला हवं. डिटेक्टरवर किरण पडला की त्यातून विजेचा एक अगदी बारीक थेंब बाहेर पडतो. इतका बारीक, की लांब तारेतून न्यायचा म्हटलं तर वाटेतच विरून जातो. प्रीअँपनं डिटेक्टरच्या शेजारी बसून तो झेलायचा आणि पुढच्या यंत्रांना कळेल एवढा मोठा करून पाठवायचा. हे करताना स्वतःचा आवाज त्यात मिसळू द्यायचा नाही, ही खरी कसोटी. प्रत्येक सर्किट स्वतःशी थोडंफार कुजबुजतंच. माझं फार कमी कुजबुजायचं. मुंबईच्या सरांनी त्यासाठी माझी पाठ थोपटली होती, आणि ती थाप अजून पाठीवर ताजी होती.

वर्कशॉपमध्ये आमचे साठे साहेब उभे होते. पुण्याचे, सडपातळ, कमी बोलणारे. त्यांच्यासमोर मी रुमाल सोडला, बोर्ड जोडला. पलीकडच्या टेबलावरून एक ठेंगणी, सावळी बाई उठून आली. पांढरी सुती साडी, पदर खोचलेला, बोटांवर सोल्डरिंगचे जुने डाग.

"हे कोणाचं होय?" त्यांनी विचारलं.

"माझं," मी म्हणालो.

त्या वाकल्या आणि हाऽ केलं. पडद्यावरची रेघ हळूहळू खाली गेली आणि दिसेनाशी झाली.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पण एसीत वाढलेलं हाय. इथी आषाढात मरते हे."

"इथं त्याच्यावर फुंकर कोण घालणार आहे?" मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"जंगल घालते ना, अरुणभाऊ."

साठे साहेब हसले. मोठ्यानं नाही, नुसते ओठांत. पण साहेब हसतात हे मला त्यानंतर किती तरी दिवस पुन्हा बघायला मिळालं नाही. माझा हेवा सुरू झाला तो तिथून.

शालूबाई पोंभुर्ण्याच्या. वडील बांबूच्या डेपोवर कामाला होते. घरात बुद्धाची तसबीर, तिच्याखाली शिकलेल्या मुलीचे, म्हणजे ह्यांचेच, पदवीदानाच्या झग्यातले फोटो. नागपुरात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या. नवरा पोंभुर्ण्यालाच शाळेत मास्तर, त्यामुळं आठवडाभर त्या चंद्रपुरात खोली करून राहायच्या आणि शनिवारी दुपारच्या बसनं गावी जायच्या. कॉलेजातली एक गोष्ट त्या नेहमी सांगत. प्रयोगाच्या तासाला बाकीची मुलं यंत्राभोवती कोंडाळं करायची आणि ह्यांना आकडे उतरवायला बसवायची. "आकडे मी उतरवो अन् बटन दुसरे फिरवत. म्हणून आता मी आधी हात लावते, मंग विचारते," असं त्या म्हणायच्या. ते खरंच होतं. माझं कुठलंही यंत्र मला न विचारता त्या उघडायच्या.

नम्रपणा त्यांना माहीत नव्हता. पहिल्या महिन्यात एकदा मी सहज म्हटलं, "बाई, तुम्हाला ह्यातलं बरंच कळतं की." त्यांनी मान न उचलता उत्तर दिलं, "मी हुशार आहो. मले माहीत हाय थे. तुमाले माहीत व्हाले टाइम लागून राह्यला, एवढंच." बोलणं असं, आणि चुका मात्र राजरोस. नवे आलेले नाजूक ट्रान्झिस्टर त्यांच्या हातून जळायचे. एकदा उलटी वीज जोडून त्यांनी अख्खा बोर्ड धुरात घालवला. माझ्या हातून हे झालं असतं तर मी दोन दिवस कोणाला तोंड दाखवलं नसतं. त्यांनी खिडकी उघडली, पदरानं धूर घालवला आणि म्हणाल्या, "चला, ह्या बोर्डाले आता काई भीती नाई राह्यली." साहेबांनी तेही चालवून घेतलं. मला कधीकधी वाटायचं, त्यांच्या चुकासुद्धा माझ्या बरोबर उत्तरांपेक्षा साहेबांना जास्त आवडतात.

हेवा मोठ्या गोष्टींवर फार जगत नाही, लहान गोष्टींवर पोसतो. साहेब सकाळी आले की चहाचा कप घेऊन आधी शालूबाईंच्या टेबलाशी थांबायचे. माझ्याकडं यायचे तोवर कप रिकामा झालेला असायचा. काही अडलं की "शालूबाईंना विचारा," हे ठरलेलं वाक्य. आरमोरीतून असल्या नोकरीत गेलेला मी पहिलाच. माझे वडील कोशाचं रेशमी कापड विणायचे. माझ्या नेमणुकीची बातमी त्यांनी मागावर बसल्या बसल्या सगळ्या आळीला सांगितली होती. तर एकदा कामानिमित्त शालूबाई आरमोरीला आमच्या घरी गेल्या आणि वडिलांच्या मागासमोर बैठक मारून बसल्या. धागा तुटला तर हाताला आधी कळतं की डोळ्याला, असलं काहीतरी त्यांनी विचारलं म्हणे. वडील खूश. पुढं मी घरी गेलो की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "बाई कशा हायेत?" माझी चौकशी नंतर. माझी बायको मंगला तर त्यांना ताईच म्हणायची. आमच्या स्वयंपाकघरात बसून दोघी मिरच्या निवडत मोठमोठ्यानं हसायच्या, आणि मी बाहेरच्या खोलीत एकच पान पुन्हा पुन्हा वाचत बसायचो.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी नंतर मुंबईत ह्याच कामात केस पांढरे केले, चांगली माणसं बघितली, परदेशातून आलेले बोर्डही उघडून बघितले. पण नवं सर्किट कागदावर उतरलं की आजही मनात येतं, शालूबाई ह्याला काय म्हणाल्या असत्या. हे प्रेमानं येतं असं मी म्हणणार नाही. जरा दुखतंच.

रुजू झाल्याच्या दुसऱ्या वर्षी साहेबांनी आम्हा दोघांना एकच काम दिलं. जमिनीत खोल पाडलेल्या विंधणीतून सोडायचा प्रोब हवा होता. प्रोब म्हणजे लोखंडी नळी. तिच्यात डिटेक्टर आणि त्याला चिकटून प्रीअँप. वर लांबच लांब केबल, आणि केबलच्या टोकाला मोजणारं यंत्र आणि कानाला लावायचे हेडफोन. "दोघंही एकेक करा," साहेब म्हणाले. "जंगलात जो टिकेल तो आपण पुढं वापरू."

मी जीव ओतला. दिवाळीची रजा घेतली नाही. सर्किटमधली प्रत्येक कुजबुज शोधून काढली आणि एकेक बंद केली. शालूबाईंचं काम माझ्या शेजारीच चाललेलं असायचं आणि मी तिरक्या नजरेनं ते बघत असायचो. त्यांचं सर्किट साधं, जवळजवळ ओबडधोबड. पण डिटेक्टरचा थेंब जिथं येऊन पडतो ती जागा त्यांनी बोर्डापासून उचलून टेफ्लॉनच्या खुंटीवर हवेत टांगली होती, म्हणजे ओलावा बोर्डावर चढला तरी तिथवर पोचणार नाही. सगळा बोर्ड स्पिरिटनं धुऊन त्यावर शुद्ध केलेलं मधमाश्यांचं मेण ओतलं. आणि केबल कितीही लांब असली तरी ढकलत नेईल असा दणकट शेवट त्याला दिला.

"पहिला ऐकणारा जवळ पायजे," त्या म्हणायच्या. "थो जवळ बसला अन् त्यानं नीट ऐकलं, का बाकीचे कोसभर दूर बसले तरी चालते."

दोन्ही तयार झाल्यावर वर्कशॉपमध्ये मोजणी झाली. माझा प्रीअँप त्यांच्यापेक्षा स्पष्ट फरकानं शांत निघाला. साहेबांनी माझ्याकडं बघून मान डोलावली. मी शालूबाईंच्या चेहऱ्याकडं बघितलं. तिथं काही तरी हलेल म्हणून वाट बघत होतो.

"तुमचा शांत हाय," त्या म्हणाल्या. "माझा जगते." आणि डबा खायला निघून गेल्या. डब्यात कोथिंबिरीची सांबारवडी होती, तिचा वास वर्कशॉपभर पसरला. जिंकूनही मला त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

दोन्ही प्रोब घेऊन आम्ही पावसाळ्याच्या शेवटी आरमोरीच्या पुढं जंगलात तळ टाकला. एका टेकाडावरची शाळा आम्हाला राहायला मिळाली होती. खाली नाला, पलीकडं गोंडांचं गाव. धान निसवलं होतं, पाऊस अधूनमधून यायचा आणि सगळं हिरवंगार, ओलं. प्रोब नीट चालतो का हे तपासायला आमच्याबरोबर किरणोत्सारी पदार्थाची एक लहानशी कुपी असायची. करंगळीच्या पेराएवढी, चकचकीत पोलादी. ती शिशाच्या जाड डब्यात बंद असायची. ह्या वेळी दुसऱ्या तळावरून ती आणताना आमचे ड्रायव्हर लतीफभाई ह्यांची जीप नाल्यात उलटली. वरच्या अंगाला पाऊस झाला होता आणि पाण्याचा लोंढा अचानक आला. लतीफभाई खांदा धरून कसेबसे बाहेर आले. पाणी ओसरल्यावर जीपही काढली. शिशाचा डबा दगडांत अडकलेला सापडला. झाकण उघडं होतं आणि आत कुपी नव्हती.

साहेबांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्या नाल्याच्या वाळूत झिरे खणून गावच्या बाया पिण्याचं पाणी भरायच्या. पोरं दिवसभर तिथंच खेळायची. चकचकीत दिसणारी वस्तू एखाद्या पोरानं उचलली, खिशात घातली, गळ्यात बांधली, तर काय होईल हे आम्हा तिघांना नीट माहीत होतं आणि गावात कोणालाच नव्हतं.

गावात सांगायला शालूबाई गेल्या. लहानपणी बांबूच्या डेपोवर ऐकलेली गोंडी त्यांना बोलता यायची. पाण्याला येर म्हणतात एवढीच माझी गोंडी, आणि त्या तर हातवारे करत सगळं समजावत होत्या. मी मागं उभा राहून बघत होतो, आणि अशा वेळीसुद्धा मला वाटलं, हेही ह्यांनाच येतं. बायांनी घागरी उचलून गावापलीकडच्या विहिरीची वाट धरली. गावचे वयस्क मडावीभाऊ तेवढे आमच्याबरोबर आले.

"दिसत नाई, वास नाई," ते म्हणाले. "मंग तुमाले भेटल कशी?"

"ऐकून," शालूबाई म्हणाल्या.

पहिला प्रोब माझा काढला. साहेबांनी तसंच सांगितलं, कारण तो जास्त शांत. बांबूला बांधून तो पाण्यात सोडला. हेडफोन माझ्या कानाला होते. थोडा वेळ ठीक चाललं, मग टिकटिक वाढली. मला वाटलं सापडली. मी दुसरीकडं सरकलो, तिथंही तितकीच टिकटिक. काठावर आणून प्रोब गवतात ठेवला, तरीही तेच. आत ओल गेली होती आणि यंत्र पाणी मोजत बसलं होतं. मी हेडफोन काढले. शालूबाई आपला प्रोब पुसायला लागल्या, आणि त्यांनी काही तरी बोलावं असं मला फार वाटत होतं.

साहेबांनी शालूबाईंचा प्रोब बांबूला बांधायला घेतला आणि म्हणाले, "शालूबाई, तुमचं यंत्र आहे. तुम्हीच उतरा."

"मी नाई उतरत," त्या म्हणाल्या. "मले दिवस गेले हायेत."

मडावीभाऊ, लतीफभाई, मी, सगळे तिथं होतो. साहेब गोरेमोरे झाले. "मग तुम्ही इथं आलात कशाला?"

"कुपी डब्यात होती, तवा आली. डब्याच्या बाहेर गेली, आता नाई जवळ जात." त्यांनी केबलचं वेटोळं खांद्यावरून उतरवलं. "ही केबल लांब हाय. मी तिकडं वर पळसाखाली बसते. अरुणभाऊ पाण्यात चालतील, मी ऐकीन."

तसंच केलं. मी मांडीभर पाण्यात उतरलो. हातात लांब बांबू, टोकाला त्यांचा प्रोब, मागं साप सोडल्यासारखी केबल काठावरून टेकाडावर गेलेली, आणि तिच्या टोकाला पळसाखाली पाय पसरून बसलेल्या शालूबाई, डोळे मिटून, दोन्ही हात हेडफोनवर. मला नुसता पाण्याचा आवाज येत होता. वरून त्यांची हाक यायची. "डावीकडं. हळू. थांबा. मागं या."

"काय ऐकू येतंय?" मी एकदा ओरडून विचारलं.

"तुमी चाला," वरून उत्तर आलं.

त्या पाण्यात मला भीती वाटत होती, हे खरं. पण भीतीच्या खाली दुसरंही काही चाललं होतं. माझ्या हातात त्यांचं यंत्र होतं, ते काम करत होतं, आणि ते काय सांगतंय हे मला ऐकू येत नव्हतं. ते हेडफोन एकदा माझ्या कानाला लागावेत म्हणून मी काहीही द्यायला तयार होतो.

एका काळ्या खडकापाशी त्यांनी मला बराच वेळ उभं ठेवलं. मग म्हणाल्या, "हा खडकाचा सोताचा आवाज हाय. सोडा, पुढं जा." ऊन चढलं. माझे पाय वाळूत रुतायला लागले. वळणावर नाल्यानं वाळूची एक जीभ बाहेर काढली होती आणि तिच्यावर बाया कालपर्यंत पाणी भरायच्या तो झिरा होता, त्याच्या कडेला घागर टेकवायचे दगड. मी बांबू तिकडं वळवला आणि वरून शालूबाई काहीच बोलेनाशा झाल्या. मी वर बघितलं. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या.

"तिथंच," त्या म्हणाल्या. आवाज वर चढला नव्हता, पण मला नीट ऐकू आला. "झिऱ्याच्या काठाले. हात नका लावू. लांब चिमटा घ्या."

चिमट्यानं वाळू हलवली. दोन बोटं खाली ती होती. उन्हात चमकली. मी ती उचलली, शिशाच्या डब्यात टाकली, झाकण लावलं आणि तिथंच पाण्यात बसलो.

मग गाव आलं. मडावीभाऊंनी मला हाताला धरून बाहेर काढलं, घरी नेऊन खाटेवर बसवलं. म्हाताऱ्या बायका येऊन माझ्या दंडाला हात लावून जात होत्या. कोणी काकड्या आणल्या, कोणी भाजलेला मका. कुपी ज्यानं पाण्यातून काढली तो माणूस त्यांना समोर दिसत होता. पळसाखाली बसून डोळे मिटणारी बाई काय करत होती, हे त्यांना कसं कळणार? शालूबाईंनी मात्र स्वतःच विषय काढला. त्या खाटेसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "मडावीभाऊ, ऐकलं मी. यायनं उचललं." मडावीभाऊ भल्या मनानं हसले आणि त्यांनाही एक काकडी दिली.

संध्याकाळच्या आत शालूबाईंनी माझा प्रोब उघडला, नेहमीसारखा न विचारता. "इकडं या," मला म्हणाल्या. "तुमचं सर्किट नाई मेलं. केबलच्या गळ्यापाशी सील ढिलं होतं, तिथून पानी गेलं. सर्किटचा दोष नाई." हे त्यांनी साहेबांनाही जाऊन सांगितलं. त्यांनी टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांचा खरेपणा मला त्या दिवशी अगदी सोसवला नाही.

हिवाळ्यात मुंबईहून मागणी आली. तिथं नव्या डिटेक्टरांवर काम करणारा एक गट उभा राहत होता. असं काम करायला मिळावं म्हणून आम्ही दोघंही झुरत होतो. त्यांनी मला बोलावलं होतं. साहेबांनी सांगितलं तेव्हा मी क्षणभर छताकडं बघितलं. मी टेबलाशी परतलो, तोच वर्कशॉपच्या लाकडी पडद्याआडून शालूबाईंचा आवाज आला. त्या साहेबांच्या खोलीत गेल्या होत्या.

"माझं नाव सांगितलं होतं का नाई?"

"दोघांचीही सांगितली होती," साहेब म्हणाले. "त्यांनी विचारलं, बाई येऊ शकतील का. मी तुमची परिस्थिती सांगितली."

"माझी परिस्थिती मले काऊन नाई विचारली?"

साहेबांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "माझं चुकलं."

"चुकलं तं चुकलं. आता बदलते का?"

"नाही. आता नाही."

त्या बाहेर आल्या, आपल्या टेबलाशी बसल्या आणि अर्धवट राहिलेला जोड पुरा केला. माझ्याकडं बघितलं नाही. मला हवं ते मिळालं होतं, आणि तरी मला त्या क्षणी वाटलं, एवढं सरळ जाऊन विचारायचं मला कधी जमलं असतं का? माझी निवड झाली नसती तर मी घरी जाऊन मंगलावर चिडचिड केली असती. फार तर पोटदुखीची रजा टाकली असती.

आम्ही चंद्रपूर सोडलं ते उन्हाळ्यात. शालूबाईंना मुलगी झाली होती, त्या रजेवर पोंभुर्ण्याला होत्या. त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. पण बसस्टँडवर नागपूरच्या गाडीत आम्ही ट्रंक चढवत होतो आणि समोरून त्या आल्या. मास्तर बरोबर, बाळ ओल्या फडक्यात गुंडाळलेलं, चेहरा उन्हानं काळवंडलेला. मंगलानं पुढं होऊन बाळ घेतलं. मास्तर आणि ती बाळाला घेऊन सावलीत गेले आणि आम्ही दोघं बसच्या चाकाशी उभे राहिलो.

"कशी आहे मुलगी?" मी विचारलं.

"रडते बम, रात रात. माझ्यासारखी हाय." त्यांनी पदरानं मान पुसली. "अरुणभाऊ, एक सांगते. मले तुमचा हेवा वाटते."

व्होल्टेज कमी आहे असं सांगावं, तशा आवाजात त्या म्हणाल्या.

"बम वाटते. काल रातपासून घास नाई उतरला. नवरा म्हणे, मंग जाऊ नको. मी म्हटलं, जाऊन सांगून टाकते. नाई सांगितलं तं तुमच्यावर राग धरून बसीन, अन् तुमी काई केलं नाई." त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशातल्या पेनाकडं, मग बसकडं बघितलं. "तिथं चांगले ट्रान्झिस्टर भेटतील. नीट काम करा. सर्किट धूत जा."

सांगण्यासारखं माझ्याकडंही साठलं होतं. पहिल्या दिवसापासूनचं. साहेबांचं हसणं, चहाचा कप, वडिलांचा प्रश्न, पळसाखालचे ते हेडफोन. एकदा तोंड उघडलं असतं तर सगळं बाहेर आलं असतं, आणि त्या ऐकायला समोर उभ्या होत्या.

"असं काय बोलता, बाई," मी म्हणालो. "तुम्हीपण याल मुंबईला."

"नाई येत," त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती.

कंडक्टरनं घंटी दिली. मंगला बाळ देऊन धावत आली. बस निघाली तेव्हा मी खिडकीतून मागं बघितलं. शालूबाई बाळ खांद्यावर टाकून उभ्या होत्या, चेहरा मोकळा झालेला, आणि मास्तरांना काही तरी सांगून हसत होत्या. जेवायला जाऊ, असंच काही असावं.

"काय म्हणत होत्या ताई?" मंगलानं विचारलं.

"काही नाही. नीट काम करा म्हणाल्या."

भद्रावती मागं पडलं. खिडकीतून गरम वारा येत होता. वरोरा आलं तोवर माझं वाक्य मनात जुळून तयार झालं होतं. मलाही तुमचा हेवा वाटतो, शालूबाई, तुमच्यापेक्षा जास्त. अवघड काही नव्हतं त्यात. वरोऱ्याला बस थांबली, मंगलानं चहा आणला, आणि मी तो घेत घेत ते वाक्य आणखी एकदा मनात म्हणून बघितलं. मग बस नागपूरकडं निघाली.